आजीला सकाळचं आठवत नाही, म्हणजे तिची ‘शॉर्ट टर्म मेमरी’ गेली का?

नाही, मानसशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे तसं म्हणता येणार नाही. तिथे अल्पकालीन स्मृती म्हणजे जेमतेम काही सेकंदांची धारणा: कुणी मोबाइल नंबर सांगितला की डायल करेपर्यंत आपण तो ओठांवर घोळवतो ना, तेवढीच. सकाळी पोदेराकडून (दारावर येणाऱ्या पाववाल्याकडून) पाव घेतले, ही दुपारी आठवायची गोष्ट दीर्घकालीन स्मृतीत मोडते, जरी तिला चारच तास झाले असले तरी. तुम्ही लिहिलंय की आजी पाच-सहा आकडे लगेच म्हणून दाखवते, पण पोदेर येऊन गेल्याचं तिला पत्ताच नसतो. म्हणजे अडतंय ते नवी आठवण पक्की होण्यात, आणि त्या कामात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा वाटा मोठा. हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाचा तो भाग १९५३ मध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंनी बराचसा काढला गेला. पुढे त्याला आकडे नीट म्हणता येत, पण नुकत्याच भेटून गेलेल्या माणसाची ओळख राहत नसे. मी म्हापशात बारावीला हा विषय शिकवतो, आणि पेपरात मुलं हमखास इथेच घसरतात. मात्र डॉक्टर बोलताना ताज्या आठवणींनाही ‘शॉर्ट टर्म’च म्हणतात, तेव्हा तिथे शब्दावरून वाद घालू नका. हे रोजचंच होत असेल तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) दाखवून घ्या. थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरताही कारण असू शकते.