सॉफ्ट-टॉप जिप्सी : गिअर टाकून क्लच सोडताच खालून ‘खट्’ आवाज येतो. गिअरबॉक्स गेला का?

लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. आधी युनिव्हर्सल जॉइंट (फिरणाऱ्या शाफ्टला कोनात वळू देणारा सांधा) बघा. जिप्सीत ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) वेगळी असल्याने गिअरबॉक्सपासून तिथवर एक छोटा शाफ्ट, पुढे-मागे आणखी दोन. चाकांना विटा लावा, इंजिन बंद, न्यूट्रल. प्रत्येक शाफ्ट हाताने पिळा. जॉइंटच्या क्रॉसमध्ये (मधल्या चार टोकांच्या तुकड्यात) ढील जाणवली तर क्रॉस बदला, पण शाफ्ट काढण्यापूर्वी फ्लँजवर (शाफ्टच्या टोकाच्या बोल्टच्या चकतीवर) खूण करा, म्हणजे तो तसाच परत बसवता येईल. नाहीतर गाडी थरथरते.

जॉइंट ठीक असल्यास ट्रान्सफर केसचे रबर माउंट तपासा. सोलापूरच्या उन्हाधुळीत रबर तडकतं, केस हलते, कधी गिअरही सटकतो.

जॉइंटवर ग्रीस भरायचं निपल असल्यास क्रॉसच्या चारही सीलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइलच घाला, सिंक्रोच्या (गिअर अलगद जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांसाठी ते महत्त्वाचं.