पोटावरचा हर्निया, वाढलेलं वजन आणि ‘आधी बारीक व्हा’

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार, मी सिडकोत राहते, वय ४९, उंची पाच फूट एक इंच आणि वजन ९२ किलो. दोन सिझर झालीत, त्यातलं पहिलं उभ्या टाक्याचं. वर्षभरापासून त्या टाक्यावर बेंबीखाली फुगवटा येतो, उभं राहिलं की खोकलं की बाहेर, आडवी झाले की आपोआप आत. दुखत असं नाही पण संध्याकाळी ओढल्यासारखं होतं. सर्जनकडे गेले तर सोनोग्राफी बघून म्हणाले हर्निया आहे, ऑपरेशन लागेल, पण आधी वजन कमी करून या. आमचे मिस्टर म्हणतात डॉक्टर टाळतायत, दुसरीकडे जाऊ. जाऊबाई म्हणतात पट्टा बांध, बसतं. शुगर पण आहे, तीन महिन्यांची सरासरी ८.९ आली. सकाळी मिश्री लावते, ते काही त्यांना सांगितलं नाही. चैत्रात वणीला पायी जायचा नेम आहे, तो मोडू का? आणि थांबायचं तर किती?

उत्तर : ताई, सर्जन टाळत नाहीयेत. तुमचं आज ऑपरेशन करून टाकणं त्यांना सोपं होतं, तुम्हाला परत पाठवणं अवघड. फक्त ‘आधी बारीक व्हा’ एवढंच सांगून पेशंटला दाराबाहेर काढायची आमच्या लोकांची सवय मला अजिबात पटत नाही, कारण किती बारीक, कशासाठी आणि तोवर काय बघायचं हे सांगितलं नाही तर माणूस एक तर रुसून दुसरीकडे जातो नाहीतर पाच वर्षं तसंच काढतो.

तर कशासाठी ते आधी. तुमच्या जुन्या टाक्याच्या जागी पोटाची भिंत विरलीये आणि तिथून आतली चरबी किंवा आतडं डोकावतंय. आम्ही ते आत ढकलतो, भोक बंद करतो आणि बहुतेक वेळा जाळी बसवतो. पण पोटात आत, आतड्यांभोवती चरबी साठलेली असेल तर आतून दाब चोवीस तास चालू राहतो, त्यामुळे हर्निया परत व्हायची शक्यता वाढते. शिवाय कातडीखालच्या जाड चरबीला रक्तपुरवठा कमी, त्यात शुगर वाढलेली, म्हणजे जखम पिकायची भीती. नुसती जखम पिकली तर ड्रेसिंग करून निभतं हो, जाळीला पू झाला तर कधीकधी ती काढावी लागते आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं.

आता किती. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३८ च्या आसपास येतो. घाई नसलेल्या अशा ऑपरेशनसाठी बरेच सर्जन ३५ च्या खाली या म्हणतात. तुमच्या उंचीला ते साधारण ८४ किलो होतं, म्हणजे कमी करायचेत आठ किलो. दवाखान्यातल्या तक्त्यावरचे पंचावन्न बघून घाबरू नका, ते कोणी मागत नाहीये. शुगरची सरासरी ८ च्या खाली आणा. आणि मिश्री म्हणजे तंबाखूच, ताई. त्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि जखम भरत नाही, निदान चार आठवडे आधी पूर्ण बंद हवी, आणि हे सर्जनला आणि भुलीच्या डॉक्टरांना, दोघांना सांगायचं.

चालणं बिनधास्त करा, वणीला पायी जायला हरकत नाही, रोजची सवय मात्र आत्तापासून हवी, पायाला जखम होऊ देऊ नका शुगर आहे म्हणून, आणि गडाच्या पायऱ्यांवर ओढ लागली तर सरळ ट्रॉलीने जा, देवी रागावत नाही. पोट कमी करायला म्हणून उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम, जोरजोरात कपालभाती, भरलेले हंडे उचलणं नको, त्याने पोटाची चरबी जात नाही, फुगवटाच वाढतो. संडासला जोर करावा लागत असेल किंवा खोकला जात नसेल तर तेही आधी दाखवा. खाण्यात मला सगळ्यात जास्त वजन सापडतं ते उपवासाच्या दिवशी, साबुदाणा खिचडी, तळलेले वेफर्स, वर गोड चहा. हल्ली आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं निघालीत, शुगर आणि वजन दोन्ही उतरतं, तुमच्या फिजिशियनला विचारा, पण घेत असाल तर ऑपरेशनआधी सांगायलाच हवं कारण त्याने पोट हळू रिकामं होतं आणि भूल देताना धोका होऊ शकतो.

पट्टा आधाराला ठीक, त्याने भोक बुजत नाही. आडवं पडून, फुगवटा आत गेल्यावरच बांधायचा. आत जात नसेल तर वरून आवळायचा नाही.

किती थांबायचं? दर महिन्याला वजन करा आणि साधारण सहा महिन्यांनी, वजन उतरो न उतरो, त्याच सर्जनकडे परत जा, तारीख आजच लिहून ठेवा. उतरलं नसेल तर पुढचा विचार तेव्हा दोघं मिळून करा. मधेच वरचेवर दुखायला लागलं, आत जायला वेळ लागू लागला, वरची कातडी पातळ किंवा चकचकीत झाली तर त्याआधीच जा.

आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा : फुगवटा अचानक कडक झाला, आत जाईना, खूप दुखतोय, उलट्या होतायत, गॅस-संडास बंद झालं, कातडी लाल-काळी पडली, ताप आला, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन असले तरी निघायचं. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. पित्ताची गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, दाबून बसवायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. रात्री सर्जन असतो अशा हॉस्पिटलला किंवा सरळ सिव्हिलला जायचं. तेव्हा तुमचं वजन कोणी विचारणार नाही, ९२ असो की १२०.

प्रश्न : मी पिंपळगावचा, वय ३६, अंगाने बारीक. द्राक्षाचे क्रेट उचलतो. उजव्या जांघेत गाठ येते, झोपलं की जाते, दुखत नाही. लगेच कापायला लागेल का?

उत्तर : लगेच नाही दादा, पण एकदा सर्जनला दाखवून हर्नियाच आहे हे पक्कं करा. पुरुषांच्या जांघेतला हर्निया दुखत नसेल तर ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवून थांबता येतं, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात तपासलंय. पण त्याच लोकांना पुढे दहा वर्षं बघितलं तर सुमारे दोनतृतीयांश जणांनी शेवटी ऑपरेशन करूनच घेतलं, मुख्यतः दुखायला लागलं म्हणून. तुमचं तर कामच उचलण्याचं, तेव्हा हंगाम संपला की करून टाका असं माझं मत. नंतर क्रेटला हात कधी लावायचा ते सर्जन सांगेल, त्याआधी नाही. वर सांगितलेली अडकल्याची लक्षणं तुम्हालाही लागू. घरात बाईमाणसाला जांघेत अशी गाठ आली तर मात्र हा थांबायचा सल्ला तिला देऊ नका, बायकांमध्ये तिथला हर्निया अडकण्याचा धोका जास्त असतो, दुखत नसलं तरी तिला त्याच आठवड्यात दाखवा.