वाचकांचे प्रश्न : टीएची पलटण म्हणजे खरी आर्मी नाही का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी ३१ वर्षांचा आहे, कारखान्यात परमनंट आहे. कोल्हापूरच्या टेरिटोरियल आर्मीच्या, म्हणजे टीएच्या, मराठा बटालियनमध्ये जायची फार इच्छा आहे. घरचे म्हणतात ती काही खरी आर्मी नाही, मित्र म्हणतो नोकरी सोड आणि जा. त्या पलटणीला काही इतिहास आहे का आणि आता त्यांचं काम काय असतं?

उत्तर : मित्रा, आधी एक सांगतो, राजीनामा अजिबात देऊ नकोस. टीए आहेच मुळी स्वतःचा कामधंदा असलेल्या माणसांसाठी, वर्षाला दोन महिने ट्रेनिंग, तेवढ्या दिवसांचा पगार आर्मीच्या हिशोबाने, मग परत आपल्या कामावर. सरकारने पलटण ‘एम्बॉडी’ केली, म्हणजे पूर्णवेळ ड्युटीवर बोलावली, की मग मात्र जावंच लागतं आणि ते किती दिवस हे आपल्या हातात नसतं. १९४८ च्या टीए कायद्यातच तरतूद आहे की अशी सेवा करून आलेल्याला मालकाने कामावर परत घ्यायचं. पेन्शनची गॅरंटी नाही, जवानाची एम्बॉडीड सेवा १५ वर्षं भरली तरच मिळते, त्यामुळे पेन्शनच्या आशेवर जाऊ नकोस.

आता घरच्यांचं म्हणणं. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. पुण्याची १०१ आणि तुमची कोल्हापूरची १०९, दोन्ही मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी आहेत, आणि ही रेजिमेंट १७६८ पासूनची. ४ फेब्रुवारीला, तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्या दिवशी, रेजिमेंट मराठा दिवस साजरा करते, आणि ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही आरोळी टीएच्या जवानाचीही तितकीच आहे. टीएचं मूळ १९२० च्या इंडियन टेरिटोरियल फोर्समध्ये, स्वातंत्र्यानंतर ९ ऑक्टोबर १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी आजच्या टीएचं उद्घाटन केलं, म्हणून तो टीए दिवस. ६२, ६५, ७१ तिन्ही युद्धांत टीएच्या पलटणी होत्या, मग खरी आर्मी नाही कसं म्हणायचं?

काम काय तर महत्त्वाच्या ठिकाणांचा पहारा, म्हणजे रेग्युलर फौज पुढे जायला मोकळी होते, शिवाय पूर-भूकंपात प्रशासनाला मदत. पण नुसता पहाराच असं समजू नकोस, काश्मीरसारख्या भागातही टीएचे जवान असतात. मे २०२५ मध्ये तर केंद्राने लष्करप्रमुखांना टीएला बोलवायचे अधिकार दिले आणि ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ एम्बॉडी करायला मंजुरी दिली. म्हणजे बोलावणं खरंच येऊ शकतं, हे घरी बसून नीट बोल, बायको-मुलं असतील तर त्यांच्याशी आधी.

वयाचं टेन्शन घेऊ नकोस, १८ ते ४२ चालतं. भरतीला १.६ किलोमीटर पळावं लागतं, ती प्रॅक्टिस उद्या पहाटेपासूनच चालू कर.