सड्यावरच्या वनस्पतींचा पेपर कुठे पाठवायचा?

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यात एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी दोन पावसाळे गावाजवळच्या जांभ्याच्या सड्यावर (उघड्या खडकाळ पठारावर) फिरून वनस्पतींची यादी केली. व्हॉट्सॲपवर एक जाहिरात आली आहे : तीन दिवसांत पेपर प्रकाशित, फी 1500 रुपये, यूजीसी केअर लिस्टेड, आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर, सर्व लेखकांना प्रमाणपत्र. वर्गातले दोघे फी वाटून घ्यायला तयार आहेत, पण त्यांचीही नावं टाकायची. पीएच.डी.च्या मुलाखतीआधी पेपर हवाच, असं सगळे म्हणतात. माझं इंग्रजीही बेताचं आहे. पाठवू का?

उत्तर : तिथे पाठवू नकोस. 1500 रुपये बुडाले तर पुन्हा उभे करता येतील. एकदा छापलेली यादी मात्र दुसरीकडे पुन्हा छापता येत नाही. चांगलं जर्नल पेपर घेतानाच लेखकाकडून लिहून घेतं की हे काम आधी कुठे प्रसिद्ध झालेलं नाही आणि सध्या दुसऱ्या कुणाकडेही विचारासाठी दिलेलं नाही. तुझी दोन पावसाळ्यांची मेहनत एकदाच खर्च होणार आहे. ती कुठे करायची हे घाईत ठरवू नकोस.

आता ती जाहिरात ओळीओळीने वाचू. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य जर्नलांची केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्येच बंद केली आणि जर्नल निवडण्यासाठी निकष सुचवले. म्हणजे आज ‘केअर लिस्टेड’ म्हणून फी मागणारा माणूस बंद झालेल्या यादीच्या नावावर पैसे गोळा करतो आहे. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ अंकी ओळख क्रमांक असतो. त्यावरून दर्जा कळत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला याचा आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते; दुसऱ्या कुणी दिलेला आकडा असेल तर त्याला काही अर्थ नाही. स्कोपस या संशोधन-लेखांच्या सूचीत असल्याचा दावा असेल, तर स्कोपसच्या संकेतस्थळावर जर्नलांची यादी मोफत पाहता येते. तिथे स्वतः शोध, त्यांनी पाठवलेल्या लिंकवर जाऊ नकोस. नावाजलेल्या जर्नलचं हुबेहूब बनावट संकेतस्थळ काढून पैसे घेणारेही आहेत.

राहिली ‘तीन दिवसांत’ ही ओळ. 2013 साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक बनावट पेपर लिहिला. लायकेनमधला (दगडफुलातला) एक रेणू कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो, असा त्यात दावा होता आणि चुका ढळढळीत ठेवल्या होत्या. हा पेपर त्याने 304 ओपन ॲक्सेस (वाचकांना मोफत असलेल्या) जर्नलांना पाठवला. 157 जर्नलांनी तो स्वीकारला, आणि हा सगळा प्रकार ‘सायन्स’मध्ये छापून आला. तपासायला कुणी बसलंच नाही की काय होतं, ते यातून दिसतं. तुझ्या यादीत गेंद (एरिओकॉलॉन ही वनस्पती) असणारच. गेंदाच्या जाती वेगळ्या करायला बियांच्या पृष्ठभागाची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. ‘बिया पाहिल्या का?’ हा प्रश्न विचारणारा परीक्षक तीन दिवसांत मिळत नाही, आणि तो प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच जर्नलकडे जायचं असतं.

म्हणून लिहायला बसण्याआधी तुझ्या हर्बेरियम शीट्स, म्हणजे दाबून सुकवून कागदावर लावलेले नमुने, काढ. नुसत्या मोबाइलमधल्या फोटोंवर यादी उभी राहत नाही. प्रत्येक नमुन्यावर संग्रह क्रमांक, तारीख, ठिकाण, अक्षांश-रेखांश, कुठे वाढत होतं (उथळ डबकं, खडकाची भेग, मातीचा पातळ थर) आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवं. सुकल्यावर फुलाचा रंग जातो, तो वहीतून लेबलवर उतरव. मग तुमच्या सरांचं पत्र घेऊन हे नमुने मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात) जमा करता येतील का, ते विचार. तुला जवळची म्हणजे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र. तिथल्या जुन्या नमुन्यांशी आपले नमुने ताडून पाहिलेस की तुझ्या यादीतली दोनचार नावं बदलतील, हे मी खात्रीने सांगते. ती तिथे बदललेली बरी. शास्त्रीय नावं आज कोणती ग्राह्य आहेत, ते लंडनच्या क्यू उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर मोफत तपासता येतं.

आणखी एक. सड्यावर दीपकाडीसारखी मोजक्या ठिकाणीच उरलेली वनस्पती सापडली असेल, तर तिचे अचूक अक्षांश-रेखांश पेपरात छापू नकोस. तालुक्यापर्यंतच ठेव आणि तसं का केलंस ते संपादकांना कळव. कंद उपटून नेणारेही पेपर वाचतात.

जर्नल आधी ठरव आणि मग लिही. तुझ्या विषयाला ‘ऱ्हीडिया’ (आवृतबीजी म्हणजे सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचं), भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं ‘नेलुम्बो’ आणि कोइमतूरहून निघणारं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ ही तीन पाहण्यासारखी आहेत. प्रत्येकाचे अलीकडचे अंक उघड. त्यात सड्यांवरचे, पठारांवरचे किती लेख आहेत? नुसत्या याद्या घेतात, की त्यासोबत काही नवी नोंद किंवा मुद्दा मागतात? लेखकांसाठीच्या सूचना छापून घे आणि शुल्काबद्दल काय लिहिलंय तेही वाच. संदर्भांची पद्धत, तक्त्यांची मांडणी, शब्दमर्यादा या गोष्टी न पाळल्यामुळे कितीतरी पेपर परीक्षकांपर्यंत न पोचताच परत येतात.

लिहिताना वरून खाली लिहू नकोस. आधी तक्ता कर, मग पद्धत, मग निष्कर्ष, त्यानंतर चर्चा. प्रस्तावना त्याच्या मागून आणि सारांश सगळ्यात शेवटी. इंग्रजीची काळजी तुला वाटते तेवढी करू नकोस. चर्चेचा भाग आधी मराठीत लिहून काढ : या सड्यावर असं काय आहे, जे आधीच्या अभ्यासांत आलेलं नाही? ते मराठीत चार वाक्यांत सांगता आलं की साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवता येतं. व्याकरण दुरुस्तीला एआयचं साधन वापरलंस तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं नमूद कर. पण संदर्भ त्याच्याकडून घेऊ नकोस. ही साधनं अस्तित्वात नसलेले पेपर लेखकांच्या नावांसकट रचून देतात. संदर्भयादीतला प्रत्येक पेपर तू स्वतः उघडून पाहिलेला हवा.

नावांबद्दल सरळ सांगते. सड्यावर सोबत येऊन नमुने गोळा केले, ओळख पटवली, लिखाणात हातभार लावला आणि छापलेल्या मजकुराची जबाबदारी घ्यायला जो तयार आहे, तो लेखक. फी भरल्याने कुणी लेखक होत नाही. मित्रांना हे सांगणं अवघड जाईल हे मला कळतं. त्यांनी एखाद्या दिवशी मदत केली असेल तर आभारात त्यांची नावं आवर्जून घाल. गाइडचं नाव आणि क्रम मात्र पाठवण्यापूर्वीच त्यांच्याशी बोलून ठरव आणि ठरलेलं ईमेलवर लिहून ठेव.

पाठवताना पत्ता स्वतःचा कायमचा ईमेल दे, कॉलेजचा उद्या बंद होऊ शकतो. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक मोफत मिळतो, तो काढून ठेव. मग महिनोन्‌महिने वाट पाहावी लागेल. परीक्षकांचे शेरे आले की एक दिवस जाऊ दे आणि दुसऱ्या दिवशी एकेक शेरा उतरवून त्याखाली उत्तर लिही : काय बदललं, कुठल्या ओळीत, आणि बदललं नसेल तर का नाही. नकार आला तरी त्यांच्या सूचना वापरून पेपर सुधार आणि मगच दुसऱ्या जर्नलला पाठव. एकाच वेळी दोन ठिकाणी कधीही नाही.

आता मुलाखत. पेपर नसेल तर पीएच.डी.ला घेत नाहीत, हे खरं नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनी तर प्रबंध सादर करण्यापूर्वीची पेपरची सक्तीही काढून टाकली. 2024 पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश देताना 70 टक्के भार नेटच्या गुणांना आणि 30 टक्के मुलाखतीला आहे. तेव्हा सीएसआयआर-यूजीसी नेटचा अभ्यास या पेपरपायी मागे टाकू नकोस. मुलाखतीपर्यंत पेपर पाठवून झाला असेल, तर अर्जात ‘सादर केला आहे’ एवढंच लिही, ‘स्वीकृत’ लिहू नकोस. पाठवून झाला नसेल तर तयार मसुदा आणि नमुने जमा केल्याची पावती फाइलमध्ये ने. गेंदाची ओळख कशी पटवली असं समितीने विचारलं, तर बियांची रेखाटनं त्यांच्यासमोर ठेव.