नगरपंचायतीच्या आराखड्यात आमची वस्ती व्यापारी पट्ट्यात गेली. ती पुन्हा निवासी करता येईल का?

येईल, पण आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी बघा. नगररचना कार्यालयातून तुमच्या गट नंबरांचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा.

आराखडा प्रारूप, म्हणजे अजून मंजूर न झालेला, असेल तर घाई करा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली प्रसिद्धीपासून ३० दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते. प्रत्येक घरमालकाने वेगळी द्या, पोच घ्या, सुनावणीला जा. नुसतं ‘त्रास होतो’ लिहू नका. रस्ता किती रुंद आहे, शाळा किती जवळ आहे, हंगामात कापसाच्या गाड्या कुठे उभ्या राहतात, हे फोटोंसह मांडा. माझ्या मते वजन याच गोष्टींना येतं.

मंजूर झाला असेल तर कलम ३७ चा फेरबदल हाच रस्ता: नगरपंचायतीचा ठराव, राजपत्रात सूचना, महिनाभर हरकती, मग शासनाची मंजुरी. हे लांबतं. शिवाय आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता येत नाही, म्हणून अख्खा पट्टा मागण्यापेक्षा आतल्या गल्ल्या मागा, रस्त्यावरची दुकानं सोडा. दुकानदारही आपलेच लोक आहेत, त्यांना आधीच सोबत घेतलं तर विरोधी हरकती कमी येतील.

ग्रामपंचायत हद्दीत असाल आणि प्रादेशिक योजना (मोठ्या भागाचा एकत्र आराखडा) लागू असेल तर फेरबदल त्याच अधिनियमाच्या कलम २० खाली होतो. तिथे ग्रामसभेचा ठराव जोडा, पण एकट्या ठरावाने झोन बदलत नाही. आणि घाबरू नका, व्यापारी पट्ट्यातही राहायला साधारणपणे परवानगी असते.