कॅम्पर व्हॅनने महाराष्ट्रात फिरताना छोट्या गावांतली अनपेक्षित ठिकाणं कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की चार दिवस हातात आहेत, भाड्याची कॅम्पर व्हॅन मिळतेय, परवडेल का माहीत नाही, आणि घरचे म्हणतायत, "मधल्या गावांत काय बघणार, सरळ गोवा गाठा." हे शेवटचं वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाकडून इतक्या वेळा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

पहिली गोष्ट. मुक्कामाची ठिकाणं आधी बुक करू नका. करणारच असाल तर व्हॅन घेऊ नका, साधी कार घ्या आणि लॉजवर झोपा, स्वस्त पडेल. भाड्याचे आकडे मला सांगता येणार नाहीत, आमची गाडी घरची आहे.

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. मागच्या सीट काढून दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि पडद्याआड कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालची टाकी काढून रिकामी करता येते असं. गाडी घेतली ती या पडद्याआडच्या गोष्टीसाठी. माझी आई प्रवासात पाणी प्यायची नाही. सकाळी निघताना घोटभर चहा, मग थेट मुक्कामाला पोचल्यावर. वाटेतल्या स्वच्छतागृहांची धास्ती. बायकांना हे समजावून सांगायला नको. एकाहत्तराव्या वर्षी ती धावत्या गाडीत निवांत तांब्याभर पाणी प्यायली, तेव्हा मला गाडीचे सगळे पैसे फिटले असं वाटलं. दादा, म्हणजे तोच भाऊ, इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. तो म्हणाला, "एवढ्या पैशांत तिला दहा वेळा चांगल्या हॉटेलात ठेवता आलं असतं. आणि बघायला आहे काय तिकडे?"

तर पहिल्याच फेरीची गोष्ट. मी, आमचे हे आणि आई, पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. सुरूरच्या फाट्यावर आई म्हणाली, वाईला वळूया. वाईपासून मेणवली तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा बघायला लोक जातातच, पण खाली कृष्णेच्या घाटावर उतरा आणि मेणेश्वराच्या देवळासमोरची घंटा नीट बघा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि 1707 हे साल आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्यानंतर तिथल्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या, त्यांतली ही एक. नाशिकची नारोशंकराची घंटाही त्यांतलीच. आईने चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "लेकुरवाळी आहे गं ही." आणि हात जोडले.

पुढे साताऱ्याच्या अलीकडे लिंब. हायवे सोडून आत गेलं की बारा मोटेची विहीर. वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतली. नाव बारा मोटेची, पण एका वेळी पंधरा मोटा चालतील अशी सोय आहे, आणि विहिरीच्या पोटात छोटा महाल. भर उन्हात आत शिरलात की अंगावर गारवा येतो. आई काठावर बसून राहिली, आम्ही उतरलो.

तिथे बसल्या बसल्या तिने औंधचा विषय काढला. माझे आजोबा आटपाडीचे, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानातले. संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे होते आणि आजोबांनी ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांना भिंतींशिवाय ठेवणारी वसाहत 1939 मध्ये सुरू झाली, स्वतंत्रपूर, तिच्या गोष्टी ते सांगायचे. ('दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा तिच्यावरूनच सुचला.) पण आईने स्वतः औंध कधी पाहिलं नव्हतं. साताऱ्याहून चाळीसेक किलोमीटर आत. आम्ही गाडी रहिमतपूरच्या रस्त्याला घातली.

पोचलो साडेपाचला. संग्रहालय बंद झालेलं. कोल्हापूरला खोली घेतलेली असती तर "पुढच्या वेळी" म्हणून निघालो असतो, आणि आईच्या गुडघ्यांना पुढची वेळ मिळाली असती की नाही देव जाणे. एका दुकानदाराला विचारलं, त्यांनी शेजारच्या मोकळ्या जागेत गाडी लावू दिली. रात्री त्यांच्या घरून ज्वारीच्या भाकरी आणि वाघ्या घेवड्याची आमटी आली. त्या काकू गाडीत चढून पलंग, शेगडी, टॉयलेट सगळं बघून गेल्या आणि जाताना आईला म्हणाल्या, "हे बरं केलं तुमच्या लेकीनं." दादाने हे ऐकायला हवं होतं.

सकाळी यमाईच्या टेकडीवरचं श्री भवानी चित्रसंग्रहालय. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. 1938 मध्ये त्यांनी ही इमारत उभारली आणि पुढच्याच वर्षी, 1939 मध्ये, राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला. बहात्तर गावांचं संस्थान, पण आत राजा रविवर्मा आणि चित्रकार धुरंधर यांची चित्रं आहेत. आणि एके ठिकाणी एक दगडी शिल्प. आई आणि मूल. चिठ्ठी वाचली आणि पाय तिथेच थांबले. हेन्री मूर, जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकार.

दादा ज्या भागात राहतो तिथलाच हा माणूस, कॅसलफर्डचा, जन्म 1898. यॉर्कशायरच्या शिल्पोद्यानात त्याची प्रचंड ब्राँझ शिल्पं आहेत, आजूबाजूला मेंढ्या चरतात. दादाने त्यांच्यासमोर काढलेले फोटो आम्हाला पाठवले होते, "असं काही आपल्याकडे कधी होणार" असं लिहून. मी तिथून बाहेर येऊन त्याला फोन लावला. तो म्हणाला, "कॉपी असेल गं." कॉपी नाही, मूळ शिल्प आहे. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं, आजही सांगते, आणि तो हे उत्तर वाचणार आहे म्हणून इथेही लिहिते. आई मात्र आत त्या दगडापुढे उभीच होती. म्हणाली, "ही पण लेकुरवाळीच. कालच्या घंटेवरची बहीण."

आता तुमचा 'कशी शोधायची' हा प्रश्न. चहाच्या टपरीवर "इथे बघण्यासारखं काय आहे?" असं विचारलंत तर "काही नाही" हेच उत्तर येणार. आपल्या माणसांना आपल्या गावात बघण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही, आणि दादासारखे लोक बाहेर बसून त्यात भर घालतात. त्याऐवजी विचारा, "गावात नळ नव्हते तेव्हा पाणी कुठून आणायचे?" लगेच कुणीतरी विहीर दाखवायला उठतं. "जत्रा कधी असते, पालखी कुठून निघते?" हेही विचारा. म्हातारं माणूस गाठा. घरून निघण्याआधी जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, चाळा, साताऱ्याचं 1885 चं आहे, त्यात गावागावाची माहिती मिळते. रील बघून जाल तर जिथे सगळे उभे आहेत तिथेच उभे राहाल. आणि वाईपर्यंत गेलातच तर धोमलाही जा. नरसिंहाच्या देवळाच्या आवारात दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसलाय.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. मोठी गाडी गावठाणात घालू नका. गल्ल्या अरुंद असतात आणि विजेच्या तारा खाली आलेल्या असतात. वेशीबाहेर लावा, चालत जा. रात्री कुठेही थांबण्याआधी जागा कुणाची ते विचारून घ्या. आम्हाला दोनदा 'नाही' ऐकावं लागलंय, तेव्हा पेट्रोल पंपावर झोपलो. टॉयलेटची टाकी ओढ्यात, नदीत किंवा शेतात कधीही रिकामी करायची नाही, शौचालयातच करायची, त्यासाठी थोडं थांबावं लागलं तरी चालेल. पुढेमागे स्वतःची गाडी करून घेणार असाल तर आरटीओच्या परवानगीशिवाय सीट काढून पलंग ठोकू नका, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्याबद्दलच आहे. आणि एप्रिल-मे मध्ये या भागात व्हॅनमध्ये झोप लागत नाही, पत्रा रात्रभर तापलेला असतो. दिवाळीनंतर जा.

दादा डिसेंबरमध्ये येतोय. त्याला मागचा पलंग दिलाय आणि औंधची सकाळ आईने त्याच्यासाठी राखून ठेवलीय.