ऑडिओच्या शोरूममध्ये टोकन देऊन बसलोय, आता उरलेल्या पैशांसाठी रोज फोन येतोय. काय करू?

तुम्ही लिहिलंय की 40 हजारांची स्पीकरची जोडी नुसती ऐकायला म्हणून गेलात आणि अडीच तासांनी पावणेदोन लाखांच्या सिस्टीमसाठी 10 हजार टोकन देऊन बाहेर पडलात. आता फोन येतायत की शनिवारनंतर हा रेट मिळणार नाही. पहिलं सांगतो: उरलेले पैसे देऊ नका. शनिवार जाऊ द्या.

मी मूळचा मिरजेचा, आता सांगलीत विश्रामबागला राहतो. वास्तुशांतीच्या आधी माझ्याबाबतीत अगदी हेच झालं. दुकानाचं नाव घेत नाही. आत एसी, गालिचा, भिंतींना फोम, चहा आला, माणूस गोड बोलणारा. मी टाळाटाळ करायला लागल्यावर तो माझ्याशी बोलायचा थांबला आणि बायकोकडे वळला. "वहिनी, घर काय माणूस रोज रोज बांधतंय का?" ती काय बोलणार? मला तिथं 'नको' म्हणायची लाज वाटली. या एका वाक्यावर माझे लाखभर रुपये जास्त गेले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पण खरी गोम त्याच्या आधी होती. रिमोट त्याच्याच हातात होता. स्वस्त जोडी वाजत होती तेव्हा डिस्प्लेवर व्हॉल्यूमचा आकडा होता 31. महागडी लावली तेव्हा 36. मला तो दिसला, अर्थ मात्र घरी आल्यावर कळला. एक-दोन डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) फरक असला तर आपल्या कानाला आवाज मोठा झालाय असं जाणवत नाही, तो 'जास्त चांगला', 'खुला' वाटतो. कधी कधी आकडा बदलावाही लागत नाही. एका स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरला तो किती मोठा वाजतो ते, 87 डेसिबल आणि दुसऱ्याची 90 असेल, तर त्याच व्हॉल्यूमला दुसरा मोठाच वाजणार. तेवढा आवाज पहिल्यातून काढायला ॲम्प्लिफायरला दुप्पट पॉवर द्यावी लागते. म्हणून परत जाल तेव्हा मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेऊन जा, बसायच्या जागी फोन धरा आणि दोन्ही जोड्या सारख्या आवाजाला लावून घ्या. मग डोळे मिटून ऐका. दोघांतलं लाखाचं अंतर किती उरतं ते तुमचं तुम्हाला कळेल. काही वेळा खरंच उरतं, तेही मान्य करतो.

गाणी त्यांच्या पेनड्राइव्हवरची ऐकू नका. मी अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी रेकॉर्ड लावा म्हटलं, तर "असल्या रेकॉर्डिंगवर अंदाज येत नाही सर" म्हणून त्यानं परत ढोलताशाचा ट्रॅक लावला. त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, त्या काळच्या रेकॉर्डिंगमध्ये खालचा बास आणि वरचे बारीक आवाज नसतातच. पण मग अलीकडच्या चांगल्या रेकॉर्डिंगमधला नुसता तानपुरा आणि गळा लावायला काय हरकत होती? माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकतोय. तो खोटा वाटला की कान लगेच सांगतो.

मिरजेत सतारमेकर गल्लीत कधी बसलात तर बघा. 2024 मध्ये तिथल्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मला आठवतं ते लहानपणी पाहिलेलं जवारी लावणं, म्हणजे तारेचा झंकार जुळवणं. कारागीर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी थोडी घासायचा, तार छेडायचा, तारेखालचा दोरा तीळभर सरकवायचा, परत छेडायचा आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचा. गिऱ्हाईक उद्या येतो म्हणालं तरी त्याचं काही बिघडत नसे. माझ्या मनात वाद्य विकणारा माणूस असा आहे. म्हणून 'आजच्या आज' म्हणणाऱ्याची मला चीड येते. ऐकायला वेळ लागतो, आणि तोच वेळ ते तुमच्याकडून काढून घेतात.

तुमच्या कोटेशनमध्ये 14 हजारांची स्पीकर केबल आहे ती आधी काढा. आठ ओहमच्या स्पीकरला पाच मीटर लांब, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली, तर जाण्यायेण्याचा मिळून रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) जेमतेम 0.07 ओहम होतो. स्पीकरच्या आठ ओहमच्या एक टक्कासुद्धा नाही. आणि "दोनशे तास वाजू द्या, मग स्पीकर खुलतात" असं कोणी म्हणालं तर आधी बिलावर परत घेण्याची मुदत बघा. माझी सात दिवसांची होती. मी तास मोजत बसलो आणि मुदत संपली.

आपल्या घरातली फरशी, काचेच्या खिडक्या, रिकाम्या भिंती यांत आवाज घुमतो. शोरूममधला आवाज घरी येत नाही तो बहुतेक यामुळे. सतरंजी, जाड पडदे आणि स्पीकर कोपऱ्यातून फूट-दीड फूट पुढे, एवढ्यानं माझ्याकडे जो फरक पडला तो केबलनं पडला नव्हता.

आता टोकनचं. आजच त्यांना व्हॉट्सॲपवर लिहा: टोकनची पावती पाठवा, प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लिहून द्या, घरी डेमो दिल्याशिवाय पुढचे पैसे देणार नाही. फोनवर बोलू नका, लेखीच ठेवा. टोकन परत देत नसतील तर ते त्याच दुकानातल्या 40 हजारांच्या जोडीत वळतं करून मागा, याला दुकानदार बहुधा तयार होतो. 'केबल घेतली तरच स्पीकर देऊ' असं म्हणाले, तर तशी सक्ती 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापार प्रथेत मोडते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे सांगलीत जिल्हा ग्राहक आयोग आहेच, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही.

आणि घरी डेमो द्यायला तयार झाले, तर येऊ द्या. संध्याकाळी बोलवा, घरातले सगळे असताना. तुमच्याकडे टीव्हीवर रोज जे लागतं तेच लावा, आणि रिमोट वहिनींच्या हातात द्या.